आजीची न पाहिलेली वर्षे

नमस्कार श्रोतेहो. आमची आजी ९४ वर्षे जगली. ती गेल्यानंतर घरातली सगळी माणसे एकत्र बसली आणि तिच्या आठवणी निघू लागल्या. परंतु ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले की त्या सगळ्या एका म्हाताऱ्या बाईच्या आठवणी आहेत. तिचे थोरले अपत्य ती २४ वर्षांची असताना जन्मले. त्याची अगदी पहिली आठवण त्याच्या चौथ्या वर्षाची धरली, तरी आजी तेव्हा २८ वर्षांची होती. म्हणजे तिच्या पहिल्या २८ वर्षांचा साक्षीदार म्हणावा असा आमच्या घरात एकही माणूस नव्हता.

तिला स्वतःला मात्र नेमकी तीच वर्षे आठवत असत. हे तिच्यापुरतेच नव्हते. उतारवयातल्या माणसांना आयुष्यातल्या घटना आठवायला सांगितले, तर साधारण १० ते ३० या वयातल्या घटना इतर काळापेक्षा अधिक संख्येने वर येतात, असे स्मृतीच्या अभ्यासकांना पुन्हा पुन्हा आढळले आहे. पहिल्यांदा घडलेल्या बहुतेक गोष्टी त्याच वयातल्या असतात, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये असे मांडले की वृद्धांचे मागे वळून पाहणे हे बुद्धी क्षीण झाल्याचे लक्षण नसून, जगलेल्या आयुष्याचा हिशेब लावण्याची ती स्वाभाविक प्रक्रिया आहे. आम्ही मात्र तिला ‘आजी, हे तू कालच सांगितलेस’ असे म्हणून थांबवत होतो.

आम्ही तिला काहीच विचारले नाही, असेही नाही. कोणाचे कोणाशी काय नाते, कोणाचा जन्म कोणत्या साली, कोणत्या दुखण्यावर काय करायचे, हे सारे आम्ही तिलाच विचारत असू. टांझानियातील तारांगिरे राष्ट्रीय उद्यानात १९९३ मध्ये तीव्र दुष्काळ पडला आणि नऊ महिन्यांत हत्तींच्या ८१ पिल्लांपैकी १६ दगावली. जे कळप उद्यान सोडून बाहेर पडले, त्यांची पिल्ले अधिक वाचली. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा दुष्काळ पाहिलेल्या वयस्क माद्यांनी त्यांना बाहेर नेले असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कळपाला म्हातारीच्या आठवणीची गरज असते ती अशी. आमचीही गरज त्याच जातीची होती, हे कबूल करायला हवे. तिच्या आठवणींतले जे आमच्या उपयोगाचे होते, तेवढे आम्ही उचलले. जे केवळ तिचे होते, ते ऐकायला आम्हाला सवड नव्हती.

तिच्या कपाटात छायाचित्रांचे एक पाकीट सापडले. त्यातल्या एका छायाचित्रात दोन मुली खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. त्यांतली एक आजी आहे, हे हनुवटीवरून ओळखता येते. दुसरी कोण, हे सांगू शकणारे आता कोणी उरलेले नाही. छायाचित्राची मागची बाजू कोरी आहे. (आपल्या घरी अशी छायाचित्रे असतील, तर आज संध्याकाळीच पेन्सिल घेऊन बसावे, शाई कागदात उतरते.)

सुदैवाने माझ्या फोनवर तिच्या आवाजाचे ४० मिनिटांचे ध्वनिमुद्रण आहे. वंशावळ नोंदवून ठेवावी म्हणून मी ते केले होते. परवा ते पुन्हा ऐकले. तेविसाव्या मिनिटाला आजी अचानक हसते आणि म्हणते, ‘आम्ही दोघी तर त्या भिंतीवर चढून बसायचो.’ लगेच माझा आवाज येतो, ‘ते राहू दे आजी, आधी साल सांग.’ ती क्षणभर थांबते आणि साल सांगते.