पलीकडे नेलं की चिन्ह का बदलतं?

(कोरा कागद. पेन्सिल लिहिते : क्ष + ७ = १२)

उत्तर पाच, तोंडीच येतं. पण कागदावर आपण ते कसं काढतो ते बघा. खालच्या ओळीत लिहितो, क्ष = १२ − ७. सात पलीकडे गेले, अधिकचे वजा झाले. हे वाक्य इतक्यांदा कानांवर पडलेलं असतं, की सात पलीकडे गेले म्हणजे नेमकं काय झालं, हे विचारायचं राहूनच जातं.

(पेन्सिल थांबते. दोन ओळींमधली जागा वाढत जाते.)

दोन्ही बाजू समान आहेत. म्हणून दोन्हींत ऋण सात मिळवले, तरी त्या समानच राहतील. डावीकडे आता आहे (क्ष + ७) + (−७). इथे कंस जरा सरकवू : क्ष + (७ + (−७)). बेरजेत कंस असा सरकवला तरी उत्तर बदलत नाही, याला साहचर्य म्हणतात. सात आणि ऋण सात हे एकमेकांचे व्यस्त, त्यांची बेरीज शून्य. उरलं क्ष + ०. शून्य मिळवल्याने संख्येत काहीच फरक पडत नाही, म्हणून शून्य हा बेरजेचा अविकारक. डावीकडे एकटा क्ष राहिला. सात पलीकडे गेलेच नाहीत. ते जागच्या जागी विरले, आणि उजवीकडे दिसतात ते आपण मिळवलेले ऋण सात.

मला मनापासून वाटतं, ‘पलीकडे नेणं’ या शब्दाने बीजगणिताचं फार नुकसान केलंय. कारण थोड्याच दिवसांत समोर येतं २क्ष = १०, आणि हे वाक्य पाठ केलेला मुलगा दोन पलीकडे नेतो, चिन्ह बदलतो आणि लिहितो, क्ष = ८. सांगितलेला नियम त्याने प्रामाणिकपणे पाळलेला असतो. इथे दोन मिळवलेले नाहीत, गुणलेले आहेत. गुणाकाराचा अविकारक १. दोनाला गुणून एकवर आणणारी संख्या १/२, हा दोनाचा गुणाकारातला व्यस्त. तिने दोन्ही बाजूंना गुणलं की क्ष = ५.

(संख्यारेषा. तिच्यावर −३, १/२, √२ आणि π (पाय) उजळतात.)

हे गुणधर्म वास्तव संख्यांचे, म्हणजे या रेषेवरच्या प्रत्येक बिंदूचे. पूर्णांक, अपूर्णांक, आणि √२ सारख्या अपरिमेय, म्हणजे पूर्णांकांच्या अपूर्णांकात मांडता न येणाऱ्या संख्यासुद्धा. जर्मन गणिती रिखार्ड डेडेकिंड १८५८ साली झुरिकमध्ये शिकवत असताना त्याला जाणवलं, की या रेषेचा पायाच कुणी नीट घातलेला नाही. १८७२ साली त्याने आपली मांडणी प्रसिद्ध केली आणि त्यात नोंदवलं, की √२ × √३ = √६ यासारखी विधानंही आपल्या माहितीप्रमाणे आजवर काटेकोरपणे सिद्ध झालेली नाहीत. लोक ती बिनधास्त वापरत होते!

क्रमनिरपेक्षता, म्हणजे क्रम बदलला तरी उत्तर तेच राहणं, तर सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली असते. २५ × ३७ × ४ दिसलं की आपण आधी २५ आणि ४ यांची जोडी लावतो, शंभर करतो आणि ३७०० म्हणून मोकळे होतो. वजाबाकीत हे चालत नाही. १२ − ५ = ७, पण ५ − १२ = −७. कंसही सरकवता येत नाही : (१२ − ५) − ३ = ४, पण १२ − (५ − ३) = १०. म्हणून वजाबाकी ही ऋण संख्येची बेरीज म्हणून लिहायची सवय लावून घ्यावी. मग पदं हवी तशी हलवता येतात.

(एक आयत. उभी रेघ त्याचे दोन भाग करते.)

वितरण गुणधर्मापाशी, म्हणजे क × (ख + ग) = क × ख + क × ग यापाशी मात्र थांबायला हवं. बेरीज आणि गुणाकार यांना जोडणारा दुवा तोच. ४७ × ९८ म्हणजे ४७ × १०० वजा ४७ × २, म्हणजे ४७०० − ९४, म्हणजे ४६०६. ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडातलं पहिलंच प्रमेय हेच सांगतं, आयतांच्या भाषेत.

ऋण गुणिले ऋण धन का, याचं उत्तरही इथेच आहे. ब्रह्मगुप्ताने हा नियम इसवी सन ६२८ मध्ये दिला. आता (−३) × (५ + (−५)) बघा. कंसात शून्य आहे, म्हणून गुणाकार शून्य. तोच कंस वितरणाने सोडवला, की मिळतं (−३) × ५, म्हणजे −१५, अधिक (−३) × (−५). दोन्ही मिळून शून्य व्हायला हवेत. −१५ मध्ये काय मिळवलं की शून्य येतं? १५. दुसरा पर्यायच उरत नाही.

शून्याने भागता का येत नाही, तेही असंच उलगडतं. कोणतीही संख्या गुणिले शून्य, शून्यच. त्यामुळे शून्याला गुणून एकवर आणणारी संख्या असूच शकत नाही. शून्याला गुणाकारातला व्यस्तच नाही.

(पेन्सिल लिहिते : क्ष² = ५क्ष)

आणि तरीही आपण नकळत शून्याने भागतो. इथे दोन्ही बाजूंना क्षने भागलं, क्ष = ५ आलं, खाली दोन रेघा मारल्या. पण क्ष शून्य असेल तर? मूळ समीकरणात ठेवून बघा, बसतं. एक उकल हातातून निसटली. त्यापेक्षा सगळं एका बाजूला आणू : क्ष(क्ष − ५) = ०. गुणाकार शून्य, म्हणजे दोहोंपैकी एक तरी अवयव शून्य. कारण पहिला शून्य नसेल तर त्याला गुणाकारातला व्यस्त आहे. त्याने गुणलं की दुसराच शून्य ठरतो. उकली दोन : शून्य आणि पाच.

(कालव्यावरचा दगडी पूल.)

या गुणधर्मांची नावं फार उशिरा आली. क्रमनिरपेक्षता आणि वितरण या अर्थाचे शब्द फ्रान्समध्ये सेर्व्हवा या गणितीने १८१४ मध्ये वापरले. पण क्रमनिरपेक्षता जिथे नाही, अशा संख्या दिसायला आणखी काळ जावा लागला. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनच्या रॉयल कालव्याकाठी पत्नीबरोबर चालताना आयरिश गणिती विल्यम रोवन हॅमिल्टनला एक नवीन संख्याप्रणाली सुचली, आणि तिची सूत्रं त्याने या पुलाच्या दगडावर कोरली. त्याच्या संख्यांमध्ये आय, जे आणि के (i, j, k) अशी तीन नवी एककं आहेत. आय गुणिले जे म्हणजे के, पण जे गुणिले आय म्हणजे ऋण के.

(पेन्सिल पुन्हा कागदावर.)

वास्तव संख्यांमध्ये (क + ख)² सोडवू. वितरणाने चार पदं येतात : क² + कख + खक + ख². कख आणि खक एकच, म्हणून मधलं पद २कख. तो दोनचा आकडा क्रमनिरपेक्षतेने दिलेला आहे. हॅमिल्टनच्या संख्यांमध्ये पेन्सिल एक ओळ आधीच थांबते : क² + कख + खक + ख².