पापणीआडची काडी

ही पापणी बघा. सूज आहे, आणि कडेला तांदळाच्या दाण्याएवढी जखम. शेतात कपाशीच्या वाळलेल्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, उपटताना काका तोल जाऊन पडले. गावात मलमपट्टी झाली. दोन दिवसांनी वर बघायला गेले, तर डोळा वळेना.

डॉक्टर आधी विचारतात, “काका, लागलं काय? लाकूड की लोखंड?” लोखंडाची शंका असली तर एमआरआय करायचा नाही. त्यातल्या चुंबकाने तुकडा आतल्या आत सरकतो.

हा निळा उजेड. डोळ्यात केशरी रंगाचा थेंब घातलाय. आतलं पाणी पाझरत असतं, तर रंग धुऊन जाताना दिसला असता. इथे तसं दिसत नाही.

आता सीटी स्कॅन. हा नेत्रगोल, ही खोबण आणि ही काळी रेघ. फसगत होते ती इथेच. वाळलेल्या लाकडाच्या छिद्रांत हवा भरलेली, म्हणून तेही हवेसारखंच काळं दिसतं. ‘जखमेतून हवा शिरली असेल’ म्हणून ते नजरेतून सुटतं. पण हवा अशी सरळ, काठ धरून बसते का? पडद्यावरच्या करड्या छटा बदलल्या, की बघा, रेघेत लाकडाचा पोत उमटला. आणखी काही दिवसांत हेच लाकूड भिजून भोवतीच्या मांसात मिसळल्यासारखं दिसलं असतं. म्हणूनच ‘पऱ्हाटी लागली’ हे काकांचं सांगणं स्कॅनइतकंच मोलाचं. खोबणीचं छत किती पातळ आहे तेही बघा. त्याच्या वर लगेच मेंदू.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन. जखमेचीच वाट धरून चिमटा आत जातो. ओढाओढ नाही, कारण लाकूड आत मोडतं. निघालेली काडी स्कॅनवरच्या लांबीशी ताडून बघतात. मग जखम धुणं, जंतू आणि बुरशीच्या तपासणीसाठी नमुना, अँटिबायोटिक, धनुर्वाताचं इंजेक्शन.

कणभर लाकूड राहिलं तरी पू धरतो, कधी महिन्यांनीसुद्धा. दृष्टीच्या नसेला इजा झाली असेल, तर नजर परत येईलच असं नाही.

आणि हा कागदी कप, दवाखान्यात पोहोचेपर्यंतच्या प्रथमोपचारासाठी. काडी बाहेर दिसत असली तरी ती उपसू नका. डोळा चोळू नका, दाबू नका, धुऊ नका, आत काही घालू नका. डोळ्याला किंवा काडीला न टेकता कप असा ठेवायचा, कडा चिकटपट्टीने लावायच्या आणि निघायचं.

तिसरा दिवस. पट्टी निघते. “काका, वर बघा.”