वाटोबाचा दगड

श्रोतेहो, नमस्कार.

चर्चगेट स्टेशनावर तुम्ही कितीदा तरी उतरला असाल. बाहेर आल्यावर गेट दिसतं? चर्च दिसतं? दोन्ही दिसत नाहीत. एके काळी मुंबईला कोट होता आणि कोटाला तीन दरवाजे होते. अपोलो दरवाजा, बाजार दरवाजा आणि चर्च दरवाजा. हा चर्च दरवाजा आजच्या हुतात्मा चौकात, फ्लोरा फाउंटनच्या जागी होता. त्यातून आत शिरलं की समोरच्या रस्त्याला सेंट थॉमस चर्च. १७१८ सालच्या नाताळात ते उघडलं. १८६० नंतरच्या वर्षांत कोट पाडला, दरवाजा गेला आणि त्याचं नाव स्टेशनाला चिकटलं. चर्च मात्र आहे तिथेच आहे, हॉर्निमन सर्कलजवळ. कधी गेला नसाल तर जा, आत फार शांत वाटतं.

या चर्चपासून मुंबईचे मैल मोजले जात. चर्च म्हणजे शून्य. तिथून उत्तरेला, शीव आणि माहीमच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यांवर १८१६ ते १८३७ या काळात मैलाचे दगड रोवले गेले. काळा दगड, त्यावर रोमन आकडा आणि सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल, असं इंग्रजीत कोरलेलं. असे किती दगड? पंधरा. पंधरा हा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

मला आज बोलायला सांगितलं आहे ते मुंबईच्या वारसा संवर्धन समितीच्या कामाबद्दल. आपण सगळे तिला हेरिटेज कमिटी म्हणतो. पण त्या समितीकडे मी या पंधरांतल्या एका दगडावरून जाणार आहे, कारण समिती म्हणजे काय हे मला त्या दगडापाशीच कळलं.

माझं लहानपण परळ-लालबागच्या चाळीत गेलं. वडील गिरणीत साचेखात्यात होते. आमच्या चाळीकडून मोठ्या रस्त्याला लागलं की फुटपाथच्या कडेला एक काळा दगड होता. आम्हा पोरांच्या गुडघ्याएवढा. त्याच्या शेजारी एक मावशी फुलं विकायला बसायची. झेंडू, शेवंती, तुळस, शनिवारी रुईच्या माळा. सकाळी आली की आधी दगडावर पाणी ओतायची, हळदकुंकू वाहायची, एक फूल ठेवायची आणि मग पाटी उघडायची. आम्ही विचारलं, मावशी, हा कुठला देव? ती म्हणाली, वाटोबा. वाटेवरचा देव. गावाकडून आलेल्या माणसाला वाट चुकू देत नाही.

झालं, चाळीत त्याचं नावच पडलं वाटोबा. वाटोबापाशी भेटू. वाटोबापर्यंत पळत जाऊन ये. पहाटेच्या पाळीला निघालेले गिरणी कामगार जाता जाता त्याला हात लावून तो कपाळाला लावायचे. आणि हो, ३१ मार्च १९६४च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, ती आम्ही वाटोबापाशी उभं राहूनच पाहिली. मी आठ वर्षांची होते, वडिलांच्या खांद्यावर होते. माझं आजही मत आहे की ट्राम काढून टाकली ही मुंबईनं स्वतःची फार मोठी हानी करून घेतली. घोड्यांच्या ट्रामपासून धरली तर नव्वद वर्षं धावलेली गाडी! काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनपाशी खोदताना तिचे रूळ सापडले, तेव्हा बातमी वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असो. दगडाकडे येऊ.

वर्षं गेली. दर काही वर्षांनी फुटपाथवर नवा थर पडत गेला. फुटपाथ चढत गेला तसा वाटोबा बुडत गेला. गुडघ्याएवढा होता तो वीतभर राहिला, मग चार बोटं. त्यावर शेंदूर, तेल आणि हळदीचं असं पूट चढलं होतं की अक्षर म्हणून काही दिसत नव्हतं. मावशी गेली. तिच्या जागी तिची सून बसू लागली. तिला सगळे अक्का म्हणतात, मीही अक्काच म्हणते. सासूचा नेम तिनं सोडला नाही. आधी पाणी, मग हळदकुंकू, मग पाटी.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. मैलाच्या त्या पंधरा दगडांबद्दल मी नोकरीत असतानाच वाचलं होतं, आणि त्यांतला एक आपल्या वाटेवर कुठेतरी असणार हेही माहीत होतं. पण हा वाटोबाच तो दगड असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तीस वर्षं मी त्याच्यावरून चालत शाळेत गेले आणि वर्गात जाऊन मुलांना सनावळ्या सांगितल्या. निवृत्त झाल्यावर एका संध्याकाळी अक्काकडून तुळस घेताना पावसानं पूट थोडं धुतलेलं दिसलं. कडेला एक सरळ, खोल रेघ होती. मी बोटानं चाचपली. ती छिन्नीची रेघ होती. तिच्या खाली दुसरी. घरी जाऊन मी नकाशा घेतला आणि सेंट थॉमसपासून मैल मोजत आले. बरोबर आमच्या फुटपाथवर येऊन थांबले. कितवा मैल ते मात्र मी आज सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही जागा शोधून काढाल, आणि अक्काची पाटी अजून तिथेच आहे. तिच्यापाशी गर्दी झालेली मला नको आहे.

आता इथे थोडं थांबून समितीचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

१९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. एखाद्या शहरानं आपल्या जुन्या वास्तूंसाठी असा नियम करण्याची ही देशातली पहिली वेळ. त्याआधी काय होतं? लेणी, किल्ले, फार जुनी देवळं यांच्यासाठी पुरातत्त्व खातं होतं. पण ज्या इमारतीत माणसं राहतात, खाली वाण्याचं दुकान आहे, वर दवाखाना आहे, तिला वाली कोण? तिच्यासाठी ही नियमावली आली. सोबत एक यादी आली, सहाशेहून जास्त नोंदींची. आणि एक समिती आली. समितीत वास्तुविशारद, संरचना अभियंता, शहराच्या इतिहासाचे जाणकार अशी मंडळी असतात.

यादीत श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत आपलं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, राजाबाई टॉवर. इथे बदल करायचा नाही, फक्त वास्तू टिकावी म्हणून लागेल तेवढंच काम करायचं. दुसऱ्या श्रेणीत अ आणि ब असे दोन भाग. तिथे जपून बदल करता येतात. तिसऱ्या श्रेणीत बरीच मोकळीक. परत सांगते, पहिलीला जवळजवळ हात लावायचा नाही, दुसरीला जपून, तिसरीला मोकळीक. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीतल्या मालकाला दुरुस्ती करायची असली की वास्तुविशारदाकडून प्रस्ताव जातो, समिती तो तपासते आणि पालिका आयुक्तांना शिफारस करते. शेवटचा निर्णय आयुक्तांचा. शिफारस डावलायची तर कारण लेखी नोंदवावं लागतं. ‘लेखी’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. कागदावर कारण लिहायचं म्हटलं की माणूस दोनदा विचार करतो.

आणि जाता जाता मालकाची बाजूही सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. पागडीची जुनी इमारत, भाडं इतकं कमी की त्यात जिना झाडायचा खर्चही निघत नाही, आणि वर वारसा म्हणून बांधकामाचे हक्क अडकलेले. त्याबदल्यात हक्क दुसरीकडे वापरण्याची, म्हणजे टीडीआरची सोय नियमात आहे. पण साध्या माणसाला ती समजावून कोण देणार? तिथे आपण कमी पडतो, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता महत्त्वाचं. ते पंधरा मैलाचे दगड या यादीत आहेत. आणि कुठल्या श्रेणीत? पहिल्या. राजाबाई टॉवरच्या पंगतीला, फुटपाथवरचा दगड.

आता त्या सकाळकडे येते. साडेनऊची वेळ. अक्काच्या मुलीचा फोन आला. बाई, लवकर या, वाटोबा फोडतायत. मी घरच्या साडीतच धावले. फुटपाथवर पेव्हर ब्लॉक बसवायचं काम निघालं होतं. (या पेव्हर ब्लॉकांवर माझा फार राग आहे. पहिल्या पावसात हलतात, म्हाताऱ्या माणसांचे पाय मुरगळतात, आणि खालच्या जुन्या फरशा उकरल्या जातात त्या कायमच्याच. बेसॉल्टच्या त्या फरशा शंभर शंभर वर्षं टिकल्या आहेत.) तर, कामाची माणसं ब्रेकर घेऊन आली होती आणि अक्का दगडावर बसली होती. खरोखरच वर बसली होती, मांडीवर फुलांची पाटी घेऊन. म्हणत होती, देव आहे, हलणार नाही.

मुकादम वाईट माणूस नव्हता. मला म्हणाला, बाई, रस्त्यात देव मांडायला परवानगी नाही. देव असेल तर मला हलवावाच लागेल.

श्रोतेहो, त्या क्षणी मला कळलं की दगड वाचवायचा असेल तर मला काय बोलावं लागणार आहे. आणि ते मी बोलले. अक्काच्या समोर, तिच्या मुलीसमोर, जमलेल्या चाळीसमोर म्हणाले, हा देव नाही. हा मैलाचा दगड आहे. पहिल्या श्रेणीचा वारसा आहे. सरकारी यादीत त्याचं नाव आहे. यादीची प्रत मी पिशवीत आणली होती, ती मुकादमाच्या हातात दिली.

त्यानं वाचली. ब्रेकर बंद केला. वरच्या साहेबांना फोन लावला आणि माणसांना सांगितलं, हे एवढं सोडून पुढचं घ्या. यादीतल्या एका ओळीनं ब्रेकर थांबला.

पण अक्का उठली, पाटी उचलली आणि माझ्याकडे न बघता घरी गेली. दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, तेव्हा नुसती फुलं मांडून बसली. पाणी नाही, हळदकुंकू नाही. माझ्याशी बोलली नाही. मी तुळस घेतली, पैसे दिले, ती सुट्टे मोजत राहिली. साठ-सत्तर वर्षांची पूजा मी एका वाक्यात मोडली होती.

मग मी अर्ज केला, फोटो जोडले, फेऱ्या घातल्या. त्याचं वर्णन करत नाही, अर्ज तुम्ही सगळ्यांनी केलेले आहेत. काही महिन्यांनी जतनाचं काम करणारी मुलं आली. मुलंच म्हणायची, पंचविशीतली होती. त्यांनी ब्रेकर आणला नाही. लहान छिन्न्या, खुरपी, ब्रश. दगडाभोवती हातानं खोदलं. किती? कमरेएवढं. एवढा वाटोबा जमिनीत होता! पूट काढायला ॲसिड नाही, तारेचा ब्रश नाही. ओल्या लगद्याची पट्टी लावून ठेवायची, तेल शोषलं की काढायची, पुन्हा लावायची. आणि सिमेंट अजिबात नाही, चुना. चुना कसा भिजवतात, त्याची निवळी कशी धरतात, हे तुम्हाला घरात माहीत आहे. सिमेंट ओल कोंडून ठेवतं आणि मग दगड आतून सुटतो. चुन्यातून ओल बाहेर पडते. एवढं ध्यानात ठेवा, जुन्या दगडाला सिमेंट लावायचं नाही. सिमेंट लावायचं नाही.

चौथ्या दिवशी आकडा दिसला. मग ओळ दिसली. चाळ जमली. अक्का पाटी सोडून उठली आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. म्हणाली, वाचा.

मी वाचलं आणि तिला मराठीत सांगितलं. इथून सेंट थॉमसच्या देवळापर्यंत इतके मैल.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, म्हणजे वाटच सांगतोय ना?

मी म्हटलं, हो.

मग सासूबाई काय वेगळं म्हणत होत्या, असं म्हणून ती जाऊन पाटीवर बसली.

आता वाटोबा पुन्हा फुटपाथच्या वर उभा आहे. हळदीनं आणि तेलानं दगड खराब होतो, हे त्या मुलांनी अक्काला नीट समजावलं, म्हणून ती आता त्याच्यावर काही वाहत नाही. सकाळी फक्त साध्या पाण्यानं त्याच्यावरची धूळ पुसते आणि एक शेवंतीचं फूल बाजूला, आपल्या पाटीच्या कडेला ठेवते. शाळेची पोरं कधी थांबून दगडावरची ओळ वाचायला लागतात. एकदा मी तिथेच होते. एका मुलानं तिला विचारलं, हे चर्च खरंच एवढ्या लांब आहे?

अक्का म्हणाली, आहे. एका सोमवारी फुलं लवकर संपली तेव्हा मी चालत जाऊन आले.

नमस्कार.