मिस्सीची विहीर आणि राहिलेलं भाषण

मंडळी, बाहेर फळ्यावर लिहिलंय "पॅसिफिक बेटांवरचे मिशनरी आणि बायबलचं भाषांतर". विषय तोच आहे, भाषांतरावर येतो मी, अगदी शब्द देतो. पण आधी एक खुलासा करायला हवा, मी ना भाषेचा माणूस ना चर्चचा. एकतीस वर्षं भूजल सर्वेक्षणात काढली, म्हंजे जमिनीखाली पाणी आहे की नाही ते लोकांना सांगायचं आणि नसलं की शिव्या खायच्या. मग हा बुवा मिशनऱ्यांवर काय बोलणार, असं पहिल्या रांगेतल्या दोन-तीन चेहऱ्यांवर मला स्पष्ट दिसतंय. तर मी या विषयात शिरलो एका विहिरीमुळे. आणि वसईत विहिरीबद्दल बोलायला घाबरायचं कारण नाही, इथं बावखल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, पुण्यात मला "वाडीतलं पाणी साठवणारं तळं हो" एवढं समजावण्यात वीस मिनिटं गेली होती.

माणसाचं नाव जॉन पेटन. स्कॉटलंडचा, प्रेस्बिटेरियन. (फादर हसतायत. प्रॉटेस्टंट होता, तेवढं माफ करा.) ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला आज ज्याला वानुआतू म्हणतात ती बेटं, तेव्हा न्यू हेब्रिडीज. १८५८च्या नोव्हेंबरात हा नव्या बायकोला घेऊन तिथल्या टाना बेटावर उतरला. मार्चमध्ये बायको गेली, बाळंतपणानंतर तापानं, आणि पाठोपाठ बाळ. दोघांसाठी खड्डा यानं स्वतःच्या हातानं खणला, घराच्या शेजारीच, आणि वर पांढरी पोवळ्याची खडी पसरली. आता मिशनऱ्यांच्या गोष्टी सांगणारे इथं थांबतात, डोळे पुसतात आणि पुढं जातात. मला मात्र ते घर कुठं बांधलं होतं ते बघायचं होतं, सवय आमची. तर घर बांधलं होतं खाली, बंदराला लागून, सखल जागेत. जागा सुंदर, बोटीतून सामान उतरवायला सोयीची. तिथं त्याला एकदा नाही, दोनदा नाही, चौदा वेळा हिवताप झाला. शेवटी एक म्हातारा मुखिया येऊन म्हणाला, अरे, आमच्यातला कुणी इतक्या खाली झोपत नाही, आम्ही वर टेकाडावर झोपतो, तिथं वारा लागतो, तू असाच राहिलास तर मरशील. मग यानं घर वर हलवलं. हिवतापाचा आणि डासांचा संबंध रोनाल्ड रॉसनं आपल्याकडे, सिकंदराबादेत, १८९७ साली दाखवला. म्हातारा साधारण चाळीस वर्षं पुढं होता, त्याला डास माहीत नव्हता पण वारा माहीत होता.

हे मी का सांगतोय, तर माझा लाडका मुद्दा असा की मिशनऱ्याचं आयुष्य म्हणजे प्रवचन नव्हे. प्रवचन रविवारी. सोमवार ते शनिवार हा माणूस सुतार, गवंडी, कंपाउंडर आणि शाळामास्तर. त्याच्या आधीचा एक जॉन विल्यम्स घ्या. रारोटोंगावर अडकला, बोट नाही, तर म्हणाला बोट बांधू. लोहाराचा भाता हवा, कातडं नाही. अख्ख्या बेटावर शेळ्या चार, त्यातली एक दुभती. तीन मारल्या, तीन-चार दिवस खपून भाता शिवला, आणि रात्रीत उंदरांनी सगळं कातडं फस्त केलं! नुसत्या फळ्या उरल्या. मग यानं लाकडी खोक्याचा भाता बनवला, खिळ्यांच्या जागी लाकडी खुंट्या, शिडाला चटया, आणि तीन-चार महिन्यांत साठ फुटी जहाज पाण्यात. आणि पुढं १८३९ साली एरोमांगा बेटावर उतरल्या उतरल्या मारला गेला. धर्मशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजात उंदरांचा पेपर नसतो.

बरं, पेटन. १८६२ साली टानावरून जीव मुठीत धरून निघाला, ऑस्ट्रेलिया-स्कॉटलंड फिरून पैसे जमवले, दुसरं लग्न केलं आणि १८६६ला शेजारच्या अनिवा बेटावर आला. अनिवा म्हणजे केवढं, दहा चौरस किलोमीटरही नाही. सगळं पोवळ्याचं, नदी नाही, ओढा नाही. पाऊस पडला की पोवळ्यातून चाळणीतून जावं तसा खाली जातो. पावसाळा डिसेंबर ते एप्रिल, एरवी लोक काय पीत? शहाळ्याचं पाणी. ऊस चघळत. अंघोळ समुद्रात. आणि डबक्यात साठलेलं घाण पाणी. घरात लहान मुलं, हा वैतागला आणि म्हणाला, विहीर खणतो.

नामाकेई नावाचा म्हातारा मुखिया होता, पेटनला सगळे "मिस्सी" म्हणायचे, तर नामाकेई म्हणाला मिस्सी, डोकं फिरलं का, पाऊस वरून येतो, खालून कसा येईल? मला सांगा, त्याचं काय चुकलं? ज्यानं जन्मात झरा पाहिला नाही त्याच्या दृष्टीनं मिस्सीला वेड लागलेलं होतं. त्यानं आळीपाळीनं माणसं पहाऱ्यावर बसवली, हा जिवाचं काही बरंवाईट करून घेईल म्हणून. आणि हा टिकाव, फावडं आणि बादली घेऊन एकटाच खणतोय. उन्हानं थकला. मग खिशात गळ भरून आणले, मासे धरायचे विलायती गळ, आणि जाहीर केलं की तीन बादल्या माती काढली की एक गळ. झाली की गर्दी! रोजगार हमी योजनाच म्हणा ना, फक्त हजेरीपट नाही आणि मजुरी त्याच दिवशी.

बारा फुटांवर गेले आणि रात्रीतून एका बाजूची कड ढासळली. आता ज्यानं विहीर खणताना पाहिलीय त्यांना हे ऐकूनच पोटात गोळा येतो. माणूस आत असता तर? नामाकेई नेमकं तेच म्हणाला, तू आत असतास तर मेला असतास, मग इंग्रजांचं लढाऊ जहाज आलं असतं, मिस्सी कुठाय विचारत, आणि आम्ही सांगितलं असतं की त्यानं स्वतःच खड्डा खणला, तर कुणी विश्वास ठेवला असता का? अतिशय व्यवहारी माणूस. त्यानंतर कुणी आत उतरेना, गळ दिले तरी. मग हा स्वतः उतरला, वर आडवं लाकूड टाकून कप्पी लावली, भरली बादली की घंटा वाजवायची आणि वरच्यांनी ओढायची.

इथं जरा माझी गोष्ट घुसडतो, दोन मिनिटं. ऐंशीच्या दशकात एका दुष्काळी तालुक्यात आम्ही गेलो, मशीन घेऊन, चार लोखंडी सळया जमिनीत ठोकायच्या, वायर जोडायच्या, करंट सोडायचा, आकडे लिहायचे. चार दिवस उन्हात. मी पॉइंट दिला. गावकऱ्यांनी चहा दिला, साहेब साहेब केलं, आणि आमची जीप वळल्यावर पाणाड्याला बोलावलं. त्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवला, फिरला, एका जागी नारळ उभा राहिला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. माझ्या पॉइंटला साठ फूट काळा पाषाण, ठणठणीत कोरडा. त्याच्या पॉइंटला बावीस फुटांवर पाणी. आजही त्या गावात मला कुणी ओळखलं तर मी दुसरा कुणीतरी आहे असं सांगतो. नंतर डोकं शांत झाल्यावर जाऊन पाहिलं, तर ती जागा जुन्या ओढ्याच्या वळणावर आणि वर दहा पावलांवर उंबर. नारळ उभा राहिला तो उंबर बघून हो! झाडावरून पाणी ओळखायचं वराहमिहिरानंही लिहून ठेवलंय. पण श्रेय कुणाला, नारळाला. ही माझी जुनी ठसठस आहे, म्हणून पेटनच्या विहिरीवर मी इतका जीव टाकतो.

तर तीस फुटांवर माती ओली लागायला लागली. आणि आता याची खरी भीती सुरू, की पाणी लागेल पण खारं लागेल. संध्याकाळी नामाकेईला म्हणाला, उद्या देव पाणी देईल असं वाटतं. नामाकेई म्हणाला, तू खणत खणत समुद्रात पडशील आणि शार्क खातील. दुसऱ्या दिवशी तळाशी मधोमध बारीक भोक पाडलं आणि पाणी वर आलं. गढूळ. यानं ओंजळीत घेतलं, चाखलं, गोडं! वर आला, पाणी निवळू दिलं, मग तांब्या भरून आणला. नामाकेईनं आधी तांब्या हलवून बघितला, सांडतं का, मग बोट बुडवलं, मग तोंडात घेऊन गुळणी केल्यासारखं क्षणभर धरलं, आणि गिळून ओरडला, पाऊस! पाऊसच आहे! मग सगळे एकमेकांचा हात धरून रांगेत उभे राहिले, पुढचा वाकून आत बघायचा, मागचे घट्ट धरून ठेवायचे, बघून झालं की तो शेवटाला. खालून येणारा पाऊस प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. नंतर त्याच लोकांनी पोवळ्याचे दगड आणून विहीर बांधून काढली, चौतीस फूट खोल, वर आठ फूट रुंद, तळाशी सहा.

पुढच्या एका रविवारी नामाकेई स्वतः बोलायला उभा राहिला. सार असं की खाली पाऊस आहे असं मिस्सी म्हणाला, आपण हसलो, पण पाऊस खरंच निघाला, मग न दिसणाऱ्या देवाबद्दल म्हणतो तेही असेलच की. लोक घरातल्या मूर्ती आणून मिस्सीच्या दारात टाकायला लागले. म्हणजे बेट बदललं ते चौतीस फुटांमुळे.

ही चिठ्ठी कसली? पंधरा मिनिटं? बरं बरं, आवरतो.

पण यातलं शास्त्र सांगितल्याशिवाय मी उतरणार नाही. असल्या बेटात गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं, भिंगाच्या आकाराचं, मध्ये जाड, कडेला पातळ. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस फूट. हा हिशोब गायबेन नावाच्या डच माणसानं १८८०च्या दशकात मांडला, १९०१ला हर्झबर्ग नावाच्या जर्मनानं, पेटनची विहीर त्याआधीची. ती समुद्रापासून मैलाच्या तिसऱ्या हिश्शावर होती, भिंग जरा जाड असतं अशा ठिकाणी. नंतर लोकांनी आपापल्या वस्तीत सहा-सात विहिरी खणल्या, कुठं खडक लागला, कुठं खारं. ते म्हणाले, मिस्सीनं नुसतं खणलं नाही, प्रार्थनाही केली. असेल. मी म्हणेन त्याचा पॉइंट बरा पडला. आणि एक गंमत तो स्वतःच लिहून गेलाय, विहिरीचं पाणी भरती-ओहोटीबरोबर वर-खाली व्हायचं, आणि ते पिऊन पिऊन इतकी सवय झाली की जहाजावरच्या शुद्ध पाण्याचा चहा बेचव लागायला लागला, म्हणून साखरेबरोबर गुपचूप चिमूटभर मीठ टाकायचा! म्हणजे पाणी मचूळ होतं हो. ज्या चमत्कारानं बेट फिरलं तो किंचित मचूळ होता, आणि हे चहाच्या कपानं फोडलं. इथल्या जुन्या लोकांना कळेल, टँकरवाल्यांनी उपसा केल्यावर आपल्या विहिरींचा चहा कसा लागायला लागला ते. त्यावर वेगळं व्याख्यान ठेवा, मी फुकट येतो.

आता भराभर. पेटनला देवमाणूस करायचं नाहीये मला. १८६५ साली कुरासोआ नावाच्या इंग्रज युद्धनौकेनं टानावर तोफा डागल्या, हा त्या फेरीत दुभाषी म्हणून बरोबर होता, आणि त्याच्या सोबतच्या मिशनऱ्यांनाही ते पटलं नाही. नामाकेई लढाऊ जहाजाची भीती घालत होता ती उगीच नव्हे. दुसरीकडे हाच माणूस क्वीन्सलँडच्या ऊसमळ्यांसाठी बेटांवरून माणसं उचलून नेणाऱ्यांशी आयुष्यभर भांडला. आणि १८६१ला गोवर आला, बाहेरच्या जहाजातून, त्यात गावंच्या गावं गेली. आणखी एक, गोऱ्या मिशनऱ्यांच्या आधी बहुतेक बेटांवर बेटवालेच शिक्षक गेले होते, रारोटोंगावर १८२३ला पापेइहा उतरला, विल्यम्सचं जहाज बांधायच्या चार वर्षं आधी. टानावर पेटनच्या शेजारी शेवटपर्यंत उभा राहिला तो अनैत्युम बेटाचा म्हातारा अब्राहम. पाणाड्याला मिळतं तेवढंही श्रेय यांना मिळत नाही.

भाषांतर! पाच मिनिटं आहेत ना? कॅप्टन कुकच्या सफरी वाचून विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याला आधी ताहितीला जायचं होतं. तो बंगालात आला, आणि १८०५ साली त्यानं मराठीचं व्याकरण छापलं. म्हणजे बोट दुसरी मिळाली असती तर ते व्याकरण ताहितीचं झालं असतं. आपल्या फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, त्यांना हाताशी तयार शब्दांचं कोठार होतं. पेटनकडे काय होतं? टानावर पहिले शब्द त्यानं असे मिळवले की दोन माणसांपैकी एक जण त्याच्या सामानातली वस्तू उचलून दुसऱ्याला काहीतरी विचारत होता, यानं ताडलं की "हे काय?" असं असणार, मग तोच प्रश्न घेऊन गावभर फिरला. अनिवावर हातानं चालवायच्या प्रेसवर पानं जुळवताना आधी क्रम चुकला, जमलं तेव्हा टोपी उडवून प्रेसभोवती नाचला. नामाकेईनं पुस्तक हातात घेतलं, म्हणाला हे माझ्याशी बोलत नाही. डोळे गेलेले. पेटननं चष्मा लावून दिला, आणि म्हातारा अक्षरं शिकायला बसला. अनैत्युमच्या लोकांनी तर आपल्या बायबलच्या छपाईचे पैसे पंधरा वर्षं आरारूट करून फेडले, तेच आपलं लहान मुलांच्या पेजेचं आरारूट.

आणि "श्रद्धा" या शब्दावर तो अडला. ऐकणं आणि मानणं याला तिथं एकच शब्द, त्यानं काम भागेना. मग एक दिवस खुर्चीवर बसला, पाय जमिनीवर, आणि तिथल्याच एका माणसाला विचारलं, मी काय करतोय? उत्तर आलं, बसलायस. मग पाय वर खुर्चीच्या दांडीवर घेतले, पाठ टेकली, सगळा भार खुर्चीवर, आणि विचारलं, आता? तेव्हा जो शब्द मिळाला तो त्यानं घेतला, सगळा भार टाकून टेकणं, दुसरा कुठलाच आधार न ठेवता. आपल्याकडे "भार टाकणे" आहेच की, तुझ्यावर भार टाकला रे बाबा असं आपण म्हणतोच, मग मराठी भाषांतरात तो का आला नाही यावर माझ्याकडे चार पानं आहेत, ही बघा, पण संयोजक उभे राहिलेत. चहाच्या वेळी कुणाला हवी असतील तर दाखवतो.