धडगावचा आमचूर बाजार

(दृश्य: तापीचा पूल, मग घाट. गाडीच्या काचेतून)

प्रकाशाला तापी ओलांडली की तळोद्यापर्यंत रस्ता सरळ. दोन्ही अंगांना ऊस, केळी, पपई. तळोदा मागे पडलं की चांदसैलीचा घाट लागतो आणि मग सपाट जमीन अशी दिसत नाही. नंदुरबार जिल्हा 1998 साली धुळ्यातून वेगळा झाला. जिल्हा जवळ आला, असं तेव्हा म्हटलं गेलं. सातपुड्यावर राहणाऱ्याला मात्र जिल्ह्याच्या कामाला आजही हाच घाट उतरावा लागतो.

(दृश्य: ड्रोन. डोंगराच्या सोंडा, सुटी सुटी घरं)

वरून बघा. यात गाव कुठे आहे, सांगता येईल? एका टेकाडावर एक घर, पलीकडच्या सोंडेवर दुसरं. बांबूचा कूड, त्यावर मातीचा लेप, वर कौलं. घराभोवती त्या घराचीच शेती. अशी थोडी घरं मिळून पाडा, आणि डोंगरभर पसरलेले पाडे मिळून कागदावरचं एक गाव. शेजाऱ्याला हाक ऐकू जाते, पण त्याच्या अंगणात पोचायचं तर आधी नाला उतरायचा, मग चढ चढायचा.

म्हणूनच इथे बाजाराच्या गावाला फार मान. अक्राणी तालुक्याचं मुख्यालय धडगाव, आणि अक्कलकुवा तालुक्यात वर डोंगरात मोलगी. दवाखाना, बँक, बियाणं, मोबाइलची दुरुस्ती, सोयरीक, सगळं या दोन ठिकाणी. ‘अतिदुर्गम’ हा शिक्का इथे फार सहज मारला जातो. बाजाराच्या दिवशी धडगावात पाय ठेवायला जागा शोधून दाखवा.

(दृश्य: खडकावर वाळणाऱ्या फोडी. आधी दुरून, मग अगदी जवळून)

आम्ही वर गेलो ते मे महिन्यात. दुरून डोंगरावर चुना सांडल्यासारखा दिसतो. तो आमचूर, म्हणजे उन्हात वाळत घातलेल्या कैरीच्या फोडी.

सातपुड्यातला आंबा म्हणजे बांधावरचा गावठी आंबा. झाडं उंच, कैरी लहान आणि आंबट. ती टोपलीत भरून घाटाखाली न्यायची, तर ओझंच परवडत नाही. मग पाणी इथेच उन्हाला द्यायचं आणि वजन कमी करून माल खाली पाठवायचा. या एका हिशेबावर इथला सगळा उन्हाळा चालतो.

(दृश्य: अंगणातल्या बायका, हात, सुरी)

सकाळी कैऱ्या उतरवायच्या. दुपारी सावलीत बसून सोलायच्या. साल राहिली की फोड लालसर पडते आणि भाव उतरतो, म्हणून म्हाताऱ्या बायका सोललेली कैरी एकदा हातात फिरवून बघतात. लोखंडी विळ्याने चिरलं तर फोड काळवंडते, त्यापेक्षा स्टीलची सुरी बरी. कोयीच्या दोन्ही बाजूंनी फोडी काढायच्या, पातळ आणि सारख्या. जाड राहिली तर बाहेरून वाळते, आत ओल धरते. चिकाने बोटांची कातडी जाते. या आजींच्या अंगठ्याकडे बघा.

मग खडकावर पसरायचं. खडक तापलेला असतो, त्यामुळे ऊन वरून लागतं आणि खालूनही. संध्याकाळी फोडी उलटायच्या. चांगलं ऊन असलं तर चार-पाच दिवसांत फोड वाजायला लागते. मधेच वळवाचा एक शिडकावा आला, तर पांढरा माल काळा होतो आणि आठवड्याची मेहनत निम्म्या भावात जाते.

(दृश्य: धडगावचा बाजार, तराजू)

व्यापारी पोत्याच्या तोंडाशी बघत नाही. कोपरापर्यंत हात खाली घालतो, तळातली फोड काढतो आणि मोडतो. कट्‌कन मोडली तर कोरडी. वाकली तर बोलणी सुरू. बोलणी पावरीत, म्हणजे इथल्या पावरा आदिवासींच्या बोलीत होतात, हिशेब मराठीत, आणि वजनकाट्यावर दोघांचेही डोळे. एरवी चाट मसाल्याच्या पुडीवर ‘आमचूर’ वाचणाऱ्यांनी हा व्यवहार एकदा उभं राहून बघावा.

मिळालेल्या पैशांतून लगेच खरेदी होते. मीठ, तेल, पावसाळ्याआधी ताडपत्री, पोराची चप्पल.

मोलगीत आम्हाला भगर भेटली. पुण्या-मुंबईत एकादशीला जी ताटात पडते तीच. उतारावरच्या हलक्या जमिनीत, पावसाच्या पाण्यावर येणारं हे पीक.

(दृश्य: भूषा, नर्मदेचा काठ, बोट)

डोंगर उत्तरेला उतरला की नर्मदा. महाराष्ट्राच्या वाट्याला तिची फक्त 54 किलोमीटरची किनार आहे, तीही सीमेवरची. समोरचा काठ मध्य प्रदेशचा, खाली गेलं की गुजरात. हे संथ पाणी सरदार सरोवराचं. धरणाची उंची 138.68 मीटर, आणि महाराष्ट्रातली 33 गावं त्याच्या बुडीत क्षेत्रात. मे महिन्यात पाणी उतरलं की काठावर राखाडी पट्टा उघडा पडतो, त्यात वाळलेले बुंधे उभे असतात. इथून थोडं आत, बिलगावच्या लोकांनी 2003 साली श्रमदानातून 15 किलोवॅटची वीज तयार केली होती. 2006 च्या पावसाळ्यात तो प्रकल्प धरणाच्या फुगवट्याखाली गेला.

(दृश्य: बोटीतून बुंध्यांमधून जाताना. इथे निवेदन नाही, इंजिनाचा आवाज तसाच ठेवावा)

(दृश्य: धडगाव, ट्रकवर पोती चढताना)

मृगाचा पाऊस लागला की चांदसैलीच्या घाटात दरड कधी येईल, याचा नेम नसतो. त्यामुळे सगळा माल त्याआधी खाली गेला पाहिजे, आणि हे विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला जास्त चांगलं ठाऊक असतं. माल चार महिने कोरडा ठेवायची सोय ज्याच्याकडे, भाव त्याचा. दिवाळीनंतर याच घरांतली कितीतरी माणसं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, मुलं बरोबर घेऊन. पोती चढली, ताडपत्री ताणून बांधली, आणि ड्रायव्हर चहा संपवून निघाला. उजेडातच घाट उतरायचा आहे.