जेम्स नेलरचे अखेरचे शब्द

१६६० सालचा ऑक्टोबर महिना. लंडनहून पायी उत्तरेला, यॉर्कशायरमधल्या आपल्या बायकामुलांकडे निघालेल्या एका माणसाला हंटिंग्डनजवळ वाटमाऱ्यांनी लुटलं. संध्याकाळी तो शेतात पडलेला सापडला. लोकांनी त्याला एका स्नेह्याच्या घरी नेलं. मरणाच्या साधारण दोन तास आधी तो जे बोलला, ते टिपून ठेवलं गेलं. त्याची सुरुवात मी माझ्या मराठीत सांगतो : ‘‘मला एक आत्मा जाणवतो. वाईट करण्यात त्याला आनंद नाही, झालेल्या अन्यायाचा सूड घेण्यातही नाही. सगळं सोसण्यात त्याचा आनंद आहे.’’

हा माणूस जेम्स नेलर, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या पहिल्या पिढीतला. सूड नको, असं पुष्कळ लोक म्हणतात. नेलरच्या तोंडी ते का जड होतं, ते सांगायला मी आज उभा आहे.

नेलर मूळचा शेतकरी. इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचं युद्ध पेटलं तेव्हा तो पार्लमेंटच्या फौजेत गेला, आठ-नऊ वर्षं राहिला आणि क्वार्टरमास्टर, म्हणजे रसदीचा अधिकारी, झाला. तलवार त्याला परकी नव्हती. पुढे त्याची जॉर्ज फॉक्सशी गाठ पडली. फॉक्स विणकराचा मुलगा, चांभाराच्या हाताखाली शिकलेला. त्याचं सांगणं असं की, ख्रिस्ताचा प्रकाश प्रत्येक माणसाच्या आत आहे. त्याच्यापाशी जायला पगारी धर्मोपदेशक लागत नाही. ‘देवाच्या वचनापुढे थरथरा,’ असं त्यानं १६५० साली डर्बीच्या न्यायाधीशाला सुनावलं. त्यावर न्यायाधीशानं फॉक्सला आणि त्याच्या लोकांना ‘क्वेकर’, म्हणजे थरथरणारे, असं हिणवलं. ते स्वतःला मित्र म्हणवत.

हे लोक कुणापुढे टोपी काढत नसत, कोर्टात शपथ घेत नसत आणि सगळ्यांना एकेरी हाक मारत. यातला धक्का मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आपण विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो, आईला ‘तू’ म्हणतो; पण तोच ‘तू’ न्यायाधीशाला म्हणून पाहा! तेव्हाच्या इंग्रजीतही ‘दाऊ’ आणि ‘यू’ असा भेद होता. देवाला जे चालतं ते माणसाला का चालू नये, एवढाच यांचा प्रश्न होता. त्यासाठी माणसं तुरुंगात गेली.

आता नेलरकडे येऊ. १६५६च्या ऑक्टोबरात तो भर पावसात घोड्यावर बसून ब्रिस्टल शहरात शिरला. सोबतचे लोक ‘पवित्र, पवित्र’ असं गात होते. येशूच्या यरुशलेम-प्रवेशाचीच ही नक्कल होती. आतल्या ख्रिस्ताची ही एक खूण आहे, असं त्यानं नंतर चौकशीत सांगितलं. पार्लमेंटनं ते ईश्वरनिंदा मानलं आणि कित्येक दिवस त्यावर खल केला. फाशीचा प्रस्ताव ८२ विरुद्ध ९६ मतांनी फेटाळला गेला. त्याऐवजी ३१० फटके मारले, तापल्या सळईनं जीभ भोसकली आणि कपाळावर ‘बी’ (‘ब्लास्फेमर’, म्हणजे ईश्वरनिंदक) हे अक्षर डागलं. त्या वेळी भोवतालची गर्दी टोप्या काढून मुकाट उभी होती, अशी नोंद आहे. ब्रिस्टललाही फटके झाले आणि मग तुरुंग. सुटला तो १६५९ साली.

भोसकलेल्या जिभेचा हा माणूस मरताना म्हणतो की, मला सूड नको.

त्यानंतर तीनच महिन्यांत, जानेवारी १६६१मध्ये, लंडनमध्ये थॉमस व्हेनरच्या अनुयायांनी राजाविरुद्ध सशस्त्र उठाव केला. त्याच्याशी क्वेकरांचा संबंध नव्हता, तरी चार हजारांहून जास्त क्वेकर कोठड्यांत कोंबले गेले. तेव्हा फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी राजा दुसरा चार्ल्स याला एक जाहीरनामा सादर केला : ख्रिस्ताच्या राज्यासाठीही आम्ही शस्त्र धरणार नाही आणि या जगातल्या राज्यांसाठीही नाही. हे जीव वाचवायला लिहिलं, असं काही अभ्यासक म्हणतात. घाई होती, हे मलाही मान्य आहे. पण डर्बीच्या तुरुंगात असताना, १६५१ साली, फॉक्सला फौजेत कप्तानकी देऊ केली होती. युद्धाचं कारणच नाहीसं करणाऱ्या शक्तीत मी जगतो, असं म्हणून त्यानं ती नाकारली आणि आणखी कित्येक महिने कैद भोगली. जीव वाचवायचा असता तर तेव्हा ‘हो’ म्हणणं किती सोपं होतं!

जाहीरनाम्यानं छळ थांबला नाही. १६६२ साली त्यांच्या सभांविरुद्ध खास कायदाच झाला. मार्गारेट फेल ही क्वेकर बाई लँकेस्टरच्या किल्ल्यात कैदेत होती, तिथे तिनं बायकांच्या धर्मोपदेशाच्या हक्काची बाजू मांडणारी पुस्तिका लिहिली. ती १६६६ साली छापली गेली. गावोगावच्या सभा वह्या ठेवू लागल्या. कुणाला पकडलं, दंडापोटी कुणाची गुरं, कुणाचं धान्य, कुणाची भांडी उचलून नेली, हे सगळं त्यांत लिहिलं जाई. मला या साध्या नोंदी मोठमोठ्या प्रवचनांइतक्याच मोलाच्या वाटतात.

नेलरच्या त्या शब्दांत पुढे आणखी एक वाक्य येतं : हा आत्मा मला एकट्याला सापडला, सगळ्यांनी टाकलेलं असताना. पार्लमेंटनं त्याला टाकलं होतंच. पण ब्रिस्टलच्या आधी तो एक्सेटरच्या तुरुंगात असताना फॉक्स त्याला भेटायला गेला होता. नेलर त्याचं चुंबन घ्यायला पुढे झाला आणि फॉक्सनं त्याच्यापुढे आपला पाय केला. त्यांचा समेट झाला तो १६६० साली, नेलरच्या मरणाच्या काही महिने आधी.