ॲसिड कुठे, सोडा कुठे? किटलीपासून डेअरीच्या पाइपापर्यंत

(टेबलावर विजेची किटली, एक वाटी, चमचा, हिंडालियमचं जुनं पातेलं)

नमस्कार मंडळी. बोलायला लागायच्या आधी एक काम लावून देतो, म्हणजे ते मागे चालू राहील. ही आमची किटली. थांबा, कॅमेऱ्याजवळ आणतो. तळ दिसतोय? भिंतीला चुना मारावा तसा पांढरा, मध्येच एक तपकिरी ठिपका. बोअरचं पाणी आणि दिवसाला चार चहा, दुसरं काही नाही. यात अर्धा लिटर कोमट पाणी घातलं, आणि हे दोन चमचे सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात काही ठिकाणी लिंबूसत्त्व म्हणून मागावं लागतं. आता जरा गप्प बसतो, तुम्ही ऐका.

(माइक किटलीजवळ)

सोड्याची बाटली उघडल्यावर होतो ना, तसा बारीक चरचर आवाज. राहू दे तिला तशीच.

तर हा आवाज कसला? शाळेत आपण ‘दुष्फेन पाणी’ शिकलो होतो. परीक्षेनंतर तो शब्द कुणी वापरला नाही, आपण म्हणतो पाणी जड आहे. अशा पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मग ते बसायला जागा शोधतं आणि सगळ्यात गरम जागा पकडते: किटलीचा तळ, गिझरची कॉइल. त्यावर ॲसिड पडलं की कार्बोनेटमध्ये अडकून राहिलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याची ही चरचर.

एक गोष्ट इथेच सांगतो. पुष्कळ जण सायट्रिक ॲसिड टाकून पाण्याला खळखळून उकळी आणतात. करू नका. चुना आणि सायट्रिक ॲसिड मिळून कॅल्शियम सायट्रेट तयार होतं, आणि ते गरम पाण्यात कमी विरघळतं. म्हणजे एक थर काढायला गेलात आणि दुसरा बसवून आलात. कोमट पाणी आणि अर्धा तास धीर, बास.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मी काही वर्षं एका डेअरी प्लांटमध्ये शिफ्टला होतो. लोकांना वाटतं डेअरीत दूध हेच मुख्य काम. खरं सांगू? निम्मा जीव धुण्यात जातो. पाश्चरायझरमध्ये, म्हणजे दूध तापवून जंतू मारायच्या यंत्रात, दूध ७२ अंशाला १५ सेकंद ठेवतात. त्या गरम प्लेटांवर दूध हळूहळू थर धरतं, आणि तो थर एका जातीचा नसतो. थोडे प्रथिन, थोडी चरबी, थोडं कॅल्शियम फॉस्फेट. जुना झाला की दगडासारखा होतो, त्याला आम्ही मिल्कस्टोनच म्हणायचो. पाइप उघडून घासणं शक्य नसतं, म्हणून पाइपातूनच रसायन फिरवतात. या पद्धतीला सीआयपी म्हणतात, ‘क्लीनिंग इन प्लेस’, म्हणजे जागच्या जागी धुणं.

पहिल्या आठवड्यात आमच्या शिफ्टच्या सिनियरनी मला विचारलं, ‘आधी ॲसिड सोडशील का कॉस्टिक?’ कॉस्टिक म्हणजे कॉस्टिक सोडा, धुण्याच्या सोड्याचा जहाल भाऊ. मी म्हटलं, ‘साहेब, जे जास्त जहाल ते.’ ते हसले आणि माझ्या हातात दुधाचं पातेलं दिलं. बुडाशी लागलेलं. म्हणाले, ‘याच्यावर लिंबू पिळ आणि घास.’ घासलं. ढिम्म हललं नाही. तेच दुसऱ्या स्टीलच्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून गरम पाणी ओतलं, तर दहा मिनिटांत खरवड सुटी.

त्यातच सगळं आलं. चरबी आणि प्रथिन असेल तिथे अल्कली, म्हणजे सोड्याच्या जातीचं काहीतरी. अल्कली चरबीचा साबण करते, प्रथिनाचे तुकडे करते. चुना, गंज, धातूवरची कीट असेल तिथे ॲसिड. डेअरीत क्रम असा: आधी साधं पाणी, मग साधारण १ ते १.५ टक्का कॉस्टिक सोडा ७५ अंशांच्या वर तापवून, परत पाणी, मग १ टक्क्याच्या आतलं नायट्रिक ॲसिड, आणि परत पाणी. कॉस्टिकने चिकट भाग नेला की उघडा पडलेला खनिजाचा थर ॲसिड नेतं. टक्के बघा किती कमी आहेत. जहाल करून उपयोग नसतो, पाइपातून पाणी सेकंदाला दीड मीटर तरी वेगाने धावलं पाहिजे, तो वेगच तिथला काथ्या.

आणि पहिलं पाणी कढत नाही घ्यायचं. कढत पाण्याने प्रथिन तिथेच शिजून चिकटतं. घरीही दुधाचं किंवा अंड्याचं भांडं आधी गार पाण्याने विसळा. आजी सांगायची तेच, कारण फक्त तिने सांगितलं नव्हतं.

१९५९ मध्ये जर्मनीत हेंकेल कंपनीतल्या हेर्बर्ट झिनर या रसायनतज्ज्ञाने हे एका वर्तुळात मांडलं. स्वच्छतेचे चार भाग: रसायन, उष्णता, घासणं आणि वेळ. एक कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो. आपण घरी वेळ कमी करतो, म्हणून मनगट दुखतं. संडासात क्लीनर टाकून लगेच ब्रश मारणाऱ्यांनो, तुमच्याशी बोलतोय. पंधरा मिनिटं थांबा की.

(पातेलं उचलून)

आता हे पातेलं. हे माझं पाप आहे. कॉस्टिक आणि सोड्याचं ज्ञान नवं नवं झालं होतं. घरी आलो, आईच्या हिंडालियमच्या पातेल्यात खीर करपलेली. मी ऐटीत धुण्याचा सोडा घालून चांगलं उकळलं. खीर निघाली. पातेलं आतून काळंठिक्कर. आई काही बोलली नाही, ते जास्त लागलं. झालं काय होतं? हिंडालियम म्हणजे ॲल्युमिनियमचाच मिश्रधातू, आणि अल्कली ॲल्युमिनियमलाच खाते. सोड्याने पातेलं काळवंडतं, आणि कॉस्टिक असतं तर हायड्रोजनचे बुडबुडे येऊन धातू झिजताना डोळ्यांनी दिसला असता. म्हणून घाण ओळखलीत की दुसरा प्रश्न लगेच: ती बसलीय कशावर?

आणि आईने ते दुरुस्त कसं केलं माहितीये? चिंचेचा कोळ घालून पाणी उकळलं. बराचसा काळेपणा गेला. कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची साल टाकतात ना, कुकर काळा पडू नये म्हणून? तेच. जड पाणी उकळलं की थोडं अल्कलीकडे झुकतं, साल त्याला परत आंबटाकडे ओढते. आपल्या स्वयंपाकघरात ही रसायनं होतीच. पितळेला चिंच, कोकणात आमसूल. पितळेतल्या तांब्याची कीट आंबटात विरघळते. म्हणून तर ताक पितळेत ठेवलं की कळकतं, तिथे हीच क्रिया आपल्या पोटाच्या विरोधात चालते.

ते कळकू नये म्हणून कल्हई. आणि कल्हईवाला, मंडळी, माझ्या मते आपल्या गल्लीत आलेला पहिला औद्योगिक सफाईतज्ज्ञ. भाता मारून भांडं तापवायचं, मग नवसागर टाकायचा. भस्सकन पांढरा धूर, तो वास ज्याने घेतलाय तो विसरणार नाही. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि अमोनिया सुटतात. ते ॲसिड धातूवरची कीट तिथल्या तिथे खातं आणि कोरा धातू उघडा पडतो. त्याच क्षणी कथील लावायचं, कापसाने फिरवायचं. कथील २३२ अंशाला वितळतं, आणि स्वच्छ धातूवरच पसरतं. कीट राहिली तर तिथे गोळा होऊन बसतं. पांढरा धूर म्हणजे दोन्ही वायू हवेत भेटून पुन्हा झालेला नवसागर.

स्टीलकडे येऊ. आपल्या स्टीलच्या भांड्यात साधारण १८ टक्के क्रोमियम असतं. त्याचा अतिशय पातळ ऑक्साइडचा थर वर असतो, तोच त्याला गंजू देत नाही. डेअरीत नायट्रिक वापरतात कारण ते हा थर उलट पक्का करतं. हायड्रोक्लोरिकमधला क्लोराइड त्या थराला भोकं पाडतो. बाथरूमचं ॲसिड म्हणजे तेच हायड्रोक्लोरिक, ते नळावर, सिंकवर, शॉवरच्या जाळीवर टाकलंत तर त्या दिवशी चकाकेल, नंतर टाचणीने टोचल्यासारखे डाग येतील. नळाला व्हिनेगर किंवा सायट्रिकचं फडकं गुंडाळून ठेवा. मग कारखान्याचे बॉयलर हायड्रोक्लोरिकने कसे धुतात? ते बॉयलर साध्या पोलादाचे असतात, आणि त्या ॲसिडमध्ये इन्हिबिटर मिसळलेला असतो. तो धातूवर पांघरूण घालतो, ॲसिडला फक्त चुना खाऊ देतो. दुकानातल्या पाच लिटरच्या कॅनमध्ये तो असेलच असं धरून चालू नका.

फरशीचंही तेच. शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडकच. म्हणजे किटलीतल्या थराचेच चुलत भाऊ. त्यावर ॲसिड टाकलंत आणि फेस आला तर खूश होऊ नका, ती घाण निघत नाहीये, फरशी निघतेय. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड राहिली तर पांढुरका गोल उमटतो, तो आता कळला असेल. संगमरवर, मोझॅक, सगळी तीच कथा. ग्रॅनाइटला तेवढी भीती नाही.

गॅसवरच्या चिमणीबद्दल पुष्कळ जण विचारतात, थोडक्यात सांगतो. पट्ट्यांचा स्टीलचा फिल्टर असेल तर गरम पाणी, धुण्याचा सोडा, अर्धा तास. जाळीचा असेल तर तो बहुधा ॲल्युमिनियमचा. पातेलं आठवा. भांड्याचा लिक्विड साबण आणि गरम पाणी, त्यापुढे जाऊ नका. गिझर स्वतः उघडू नका. आतल्या टाकीत मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड असू शकतो, तो टाकीऐवजी स्वतः झिजायला ठेवलेला असतो. टाकीत ॲसिड ओतलंत तर ते आधी त्यालाच खाईल. गिझर ७० ऐवजी ५०-५५ वर ठेवलात तर मुळात थरच कमी धरतो.

आता खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. रील्समध्ये दोन्ही एकत्र ओततात, फसफस होते, खाली लाखभर लाइक. अहो, एक ॲसिड, एक अल्कली, दोघं एकमेकांना मारतात. हिशोब सांगतो. १०० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये ५ टक्के धरलं तर ५ ग्रॅम ॲसिड. ते संपवायला ७ ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे साधारण दीड चमचा. उरलं काय? थोडं खारट पाणी. फेसाने जरा ढवळलं जातं, तेवढंच. वेगवेगळे वापरा, दोघंही कामाचे आहेत.

हे निदान निरुपद्रवी. पुढचं तसं नाही. संडासच्या क्लीनरमध्ये साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्यावर ‘जंतू पण मरू दे’ म्हणून ब्लीच ओतलं की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ मध्ये बेल्जियममध्ये ईप्र इथे सैनिकांवर सोडला तोच वायू, तुमच्या चार बाय सहाच्या, खिडकी बंद असलेल्या बाथरूममध्ये. ब्लीच आणि अमोनियावालं काच-क्लीनर, तेही नको. चुकून झालंच तर धुवायला थांबू नका. बाहेर या, दार-खिडक्या उघडा, खोकला किंवा दम थांबत नसेल तर सरळ डॉक्टर. आणि तुंबलेल्या मोरीत कॉस्टिकची पावडर टाकली असेल तर त्यामागून ॲसिड नाही. आतच उकळी फुटते आणि तोंडावर उडतं. पातळ करताना ॲसिड असो वा कॉस्टिक, ते पाण्यात घालायचं, पाणी त्यात नाही. डोळ्याला चष्मा, हातात रबरी मोजे. प्लांटमध्ये मोजे नसले की वाल्वला हात लावू देत नसत, आणि तिथे तर एक-दीड टक्काच होतं.

बरं, किटली. आवाज थांबलाय. ओततो हं.

(वाटीत ओततात, तळ कॅमेऱ्याकडे)

हा बघा तळ, स्टील दिसतंय. पाणी गढूळ, खाली दोन-तीन पापुद्रे. तो तपकिरी ठिपका मात्र तसाच आहे. बोअरच्या पाण्यातलं लोखंड असावं. सायट्रिक त्यालाही धरतं, पण सावकाश. अजून एक चमचा घालून जेवण होईपर्यंत ठेवतो. मग दोनदा साधं पाणी उकळून फेकायचं, आणि तिसऱ्याचा चहा. नाहीतर आल्याच्या चहात दूध फाटेल, आणि घरातले म्हणतील, व्हिडिओ करू नकोस बाबा.